इस्त्रीवाल्याचा 'तिसरा मजला'

माझा धाकटा भाऊ इस्त्रीवाला आहे. सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी टेबलापाशी उभा राहिला की जेवणाच्या हाकेपर्यंत जागचा हलत नाही. त्याच्या इस्त्रीबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यानं बसवलेली कॉलर दिवस मावळेपर्यंत मान ताठ ठेवून असते. मला म्हणायचंय ते त्याच्या बोलण्याबद्दल. चाळीस वर्षं हा माणूस एकाच विषयावर बोलतोय आणि माझे कान किटलेत.

विषय म्हणजे 'तिसरा मजला'. ही एक गाण्यांची कॅसेट. चार गाणी या बाजूला, चार त्या बाजूला. एक बाई गाते, मागे ड्रम, गिटार आणि आणखी एक वाद्य, जे शिट्टी मारल्यासारखं वाजतं आणि ज्याचं नाव मला अजून कोणी सांगितलेलं नाही. वरच्या कागदावर एका इमारतीचं चित्र आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चादर वाळत घातलेली, माणूस कोणी नाही. त्या कॅसेटीबद्दल भावाची आजवर एकच तक्रार ऐकली: "चादर चुरगळलेली दाखवायला नको होती."

बाकी सगळं थोर. अशी गाणी पुन्हा झाली नाहीत, होणार नाहीत, ज्याला ती आवडत नाहीत त्यानं कान दाखवून यावेत, वगैरे. सदरा दे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही हे ऐकून घ्यावं लागतं.

माझे यजमान ऐन तारुण्यात गेले, तेव्हा मुलांना घेऊन मी याच्याकडे राहायला आले. तेव्हा भावजय होती. आता ती नाही, माझी मुलंही आपापल्या ठिकाणी लागली. घरात तो, त्याचा मुलगा, सून आणि मी. पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. तो इस्त्री करतो, मी घड्या घालते. माझा भाचा, म्हणजे त्याचा मुलगा, कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपतो, म्हणून दिवसा घरात हळू बोलायचं असा नियम आहे. नियम करणारा माझा भाऊ आणि मोडणाराही तोच.

लहानपणापासून याचं कुठे काही जमलं नाही. सहावीत शाळेनं आणि यानं एकमेकांना सोडून दिलं. मग सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. ते का बुडालं, तर जो येईल त्याला हवा फुकट, आणि पंक्चर काढता काढता गप्पाच जास्त. मग घरं रंगवायला गेला, तर शिडीवरून खाली बघितलं की चक्कर. शेवटी वडिलांची इस्त्री हातात घेतली आणि ती मात्र हाताला चिकटली. सायकलचं सामान एका खोक्यात भरून टेबलाखाली ढकललं, ते तिथेच राहिलं.

त्याच टेबलाच्या टोकाला यानं दोन टेपरेकॉर्डर मांडले, वायरनं एकमेकांना जोडलेले. एकात वाजवायचं, दुसऱ्यात भरून घ्यायचं. लोक कपड्यांबरोबर कोरी कॅसेट आणून टाकायचे आणि संध्याकाळी घडी घातलेले कपडे आणि भरलेली कॅसेट एकदमच न्यायचे. इस्त्रीवाल्याच्या कॅसेटी कडक असतात, असं लोक म्हणायचे. याला वाटायचं, आपला हातगुण.

'तिसरा मजला' याच्या हाती आली ती एका ट्रकवाल्यामुळे. लांब पल्ल्याचा ट्रक. पुढच्या गावी त्याला मुलगी बघायला जायचं होतं आणि अंगातले कपडे बघण्यासारखे नव्हते. शर्ट-पँट उतरवून देऊन बिचारा टॉवेल गुंडाळून आमच्या बाकावर बसला. हातात ही कॅसेट. यानं मागितली, टेपात घातली, पहिलं गाणं सुरू झालं आणि याच्या हातातली इस्त्री थांबली. लगेच दुसऱ्या टेपात कोरी कॅसेट सरकवली. एक बाजू भरून झाली आणि शर्ट-पँटही झाली. आता? यानं पँट पुन्हा ओली केली. "घडी नीट बसली नाही, मुलगी बघायला चाललात!" ट्रकवाला टॉवेलमध्ये आणखी एक बाजूभर बसून राहिला. मी समोर घड्या घालत होते, मान वर केली नाही. वर केली असती तर हसू फुटलं असतं.

ट्रकवाला कॅसेट घेऊन गेला तो पुन्हा दिसला नाही. पण त्या एका भरलेल्या कॅसेटीवरून अख्ख्या गावाच्या कॅसेटी भरल्या गेल्या. न्हाव्याच्या दुकानात तीच, शिंपीणबाईंच्या मशीनशेजारी तीच, लग्नात नाचायला तीच. पुढे काही वर्षांनी बाहेरच्या जगात त्या बाईचं नाव झालं, पेपरात तिच्याबद्दल छापून यायला लागलं, आणि लोक याला म्हणाले, तुला आधी कळलं होतं बरं का. याच्या सबंध आयुष्यात लोकांनी याला असं फक्त एकदाच म्हटलं. त्यानं ते घडी घालून ठेवलं, आणि अधूनमधून काढून बघत राहिला.

आता मास्तरांबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

हेडमास्तर आणि माझा भाऊ पहिलीपासून एका बाकावर. सहावीनंतर एक दुकानात आला, दुसरा शिकत शिकत हेडमास्तर झाला. तरी रोज शाळा सुटली की मास्तर दुकानात येऊन स्टुलावर बसायचे. निवृत्त झाल्यावर तर दुपारपासूनच. त्यांनी 'तिसरा मजला' ऐकली होती ती दूर राहणाऱ्या त्यांच्या बहिणीकडे, मोठ्या तबकडीवर, चांगल्या यंत्रावर. आणि त्यांना ती भिकार वाटली होती.

"झोप येते रे ती ऐकून," मास्तर म्हणायचे.

"झोप? अरे, मेलेला उठून नाचेल!"

"रडकी बाई आहे. एक ओळ म्हणते आणि दम खाते."

"दम खाते? तिला दम खायला फुरसत तरी आहे का? तुझे ते कान आहेत की रिकामी पाकिटं?"

हे असं, रोज. आणि एक गंमत सांगते, जी तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्यासुद्धा. मास्तर आले की हा टेप बंद करायचा. भांडायला शांतता लागते ना! इतक्या वर्षांत दोघांनी मिळून ती गाणी एकदाही ऐकली नाहीत, आणि गावात कुठेही ती लागली की मास्तर कानांवर हात ठेवून चालू पडायचे. ऐकायला वेळ कुणाला होता? दोघं जीव तोडून भांडत होते.

दोनेक वर्षांपूर्वी एक दिवस वाईट गेला. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. भांडण नेहमीचंच, पण मास्तरांचं त्या दिवशी काहीतरी बिनसलेलं असावं. ते म्हणाले, "ज्याला सहावीच्या पुढे जाता आलं नाही, त्यानं जगात थोर काय आणि हलकं काय हे ठरवू नये."

माझ्या भावानं इस्त्री उभी केली. टेबलावर मास्तरांचेच सदरे होते, अर्धे झालेले, अर्धे तसेच. ते सगळे गोळा केले, त्यांच्या हातात दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "तुमचे किती?"

तेव्हापासून मास्तरांनी दुकानाची पायरी चढणं सोडलं. कपडे बसस्टँडजवळच्या दुकानात द्यायला लागले. रस्त्यानं जाताना दिसले की हा त्यांच्या बाहीकडे बघून म्हणायचा, "एका बाहीवर दोन घड्या पाडल्यात गाढवानं." चेहऱ्याकडे बघायचा नाही.

मला वाटलं होतं, चला, विषय संपला. कसला संपतोय! पूर्वी दोघं मिळून बोलायचे, आता हा दोघांचंही एकटाच बोलायला लागला. मास्तरांचा प्रश्न यानंच विचारायचा, उत्तर यानंच द्यायचं, आणि मी घड्या घालत हूं म्हणायचं. स्टूल तिथेच. कोणी त्यावर कपड्यांचा गठ्ठा ठेवला की हा उचलून खाली ठेवायचा.

यंदा कंपनीनं ती गाणी पुन्हा काढली, धुऊनपुसून. पेपरात मोठा लेख आला. आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई हौशी. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'तिसरा मजला: थोर की थोतांड?' थोर म्हणायला माझा भाऊ, थोतांड म्हणायला हेडमास्तर. तो येतोय का, असं विचारून दोघांनीही हो म्हटलं.

"ताई, मला बाकी काही नको," भाऊ म्हणाला. "त्यानं चारचौघांत उभं राहून एकदा म्हणावं की इस्त्रीवाल्याचं खरं होतं. मग मी मरायला मोकळा."

"मोकळा कसला? गठ्ठे बघ किती पडलेत," मी म्हटलं.

पण मला कळलं होतं. त्याला ते वाक्य हवं होतं, आणि ते म्हणायला मास्तर हवे होते. दुसऱ्या कोणी म्हणून भागणार नव्हतं.

त्यानं तयारी सुरू केली. पेपरातला लेख सुनेकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं की या गाण्यांची खरी जादू त्यांच्या संथपणात आहे.

"संथ?" हा ओरडला. "कोण लिहितो हे? त्याला म्हणावं, आधी गाणी ऐक!"

सून माझी गुणी. मुलांना गाणं शिकवते, आवाज मऊ, सासऱ्याला कधी उलटून बोलत नाही. तिला वाटलं, बाबांना नवीन काढलेली गाणी ऐकवावीत, खूश होतील. दुपारी फोन आणि तो लिंबाएवढा स्पीकर घेऊन दुकानात आली.

"बाबा, ऐका. एकदम स्वच्छ आवाज आहे."

गाणं सुरू झालं. भावाच्या कपाळाला आठ्या पडल्या. ड्रम असा वाजत होता, जणू कोणी जड पिशवी घेऊन एकेक पायरी चढतंय.

"हे काय आहे?"

"तिसरा मजला."

"हा तिसरा मजला? हे तळघर आहे! बाई आजारी आहे का?"

"नाही हो बाबा, मूळ असंच आहे."

"मूळ माझ्याकडे आहे. कंपनीनं वाट लावली. नवीन करायला गेले आणि जुन्याचा जीव काढला!"

सुनेनं आपलं छोटं वाजवायचं यंत्र आणलं, त्याची काळी-पांढरी बटणं दाबून पाहिली. एकदा फोन लावला, एकदा कॅसेट. मग अगदी जपून म्हणाली, "बाबा, तुमच्या कॅसेटीत सगळंच वरच्या पट्टीत गेलंय. बाई, गिटार, ती शिट्टी, सगळं सारखंच. माणसं तीच आहेत. टेप जोरात पळालाय."

"माझा टेप?"

"कुठला तरी टेप," ती म्हणाली. गुणी म्हटलं ना.

मग जो आवाज चढला! आतून भाचा चादर गुंडाळून बाहेर आला. "काय लावलंय? झोपू द्याल का?"

"तुझी बायको मला 'तिसरा मजला' शिकवतेय!"

"मग शीक ना हळू आवाजात," असं म्हणून तो पुन्हा जाऊन पडला.

सुनेला खोटं पाडायचंच म्हणून भावानं टेबलाखालून जुना टेप ओढून काढला. ज्यात ट्रकवाल्याची कॅसेट वाजवली होती तोच. रोज वाजवायचा टेप नंतर घेतलेला; जुन्यातला हा एकच ठेवलेला. मी वाटी धरली, तो स्क्रू काढून वाटीत टाकत गेला. झाकण उघडलं. आत धूळ, एक मेलेलं झुरळ, आणि दोन चाकांना जोडणारा काळा पट्टा. जाड, आता वाळून तडकलेला, कडेला कात्रीचे दात उमटलेले.

त्यानं तो उपसून उजेडात धरला.

"ताई, ही सायकलची ट्यूब आहे."

मी वाटी खाली ठेवली.

"आतला पट्टा तुटला होता. नवीन मिळेना. मी ट्यूबचं कडं कापून घातलं. म्हटलं, फिरतंय ना, मग झालं." त्यानं ते कडं बोटांनी दाबून पाहिलं. "मूळ पट्टा बारीक असतो, शेवईसारखा. हा जाड आहे. जाड पट्ट्यानं चाक जोरात फिरतं."

म्हणजे असं होतं बघा. ट्रकवाल्याचं गाणं त्यानं पहिल्यांदा ऐकलं तेच पळतं ऐकलं. पळतंच भरून घेतलं. गावानं ते पळतंच नेलं, आणि पळतं म्हणून त्यावर नाचलं. ट्रकवाला तेवढा एकटा खरं ओळखणारा होता, पण मुलगी बघायची घाई आणि अंगावर टॉवेल, अशा माणसाचं गाण्याकडे काय लक्ष असणार?

"म्हणजे मास्तर म्हणत होता की झोप येते..." भाऊ म्हणाला, आणि त्यानं ते कडं खिशात टाकलं.

झाकण बसवता बसवता म्हणाला, "कोणी तोंडातून ब्र काढायचा नाही. दोघींनीही."

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. जेवायला बसला की अर्ध्यावर उठायचा. कधी त्या गाणाऱ्या बाईवर चिडायचा, तिला आधीच भरभर गायला काय झालं होतं म्हणून. कधी त्या ट्रकवाल्यावर. सुनेशी बोलणं बंद, म्हणजे मीठ हवं असलं तरी मला सांगायचा, "तिला म्हणावं, मीठ." ती शेजारीच बसलेली असायची.

एक दिवस मनाची समजूत घालून म्हणाला, "न्यायानं वागायचं. मूळ तर मूळ. मी ते ऐकणार आणि मला ते आवडणार." मला सुनेचा फोन आणायला सांगितला आणि खरं गाणं लावून इस्त्रीला उभा राहिला. आता चाळीस वर्षं या माणसाचा हात त्या पळत्या गाण्यावर चाललेला. पाठ, बाही, बाही, कॉलर, सगळं त्या ठेक्यात. खरं गाणं लागलं आणि हात संथ झाला. पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या पाठीवर इस्त्री जरा रेंगाळली. वास आला तेव्हा मी धावले. पाठीवर बदामी रंगाचा टोकदार डाग, इस्त्रीच्याच आकाराचा.

जन्मात यानं कुणाचा कपडा जाळला नव्हता. पोळलेला सदरा हातात धरून तो स्टुलावर बसला. मास्तरांच्या स्टुलावर, ज्यावर तो कधी बसत नाही.

"जाऊन सांगून टाक ना मास्तरांना," मी म्हटलं. "दोघांचंही खरंच आहे की. त्यांनी एक ऐकलं, तू एक ऐकलंस."

"आणि काय सांगू? की इतकी वर्षं मी माझ्याच ट्यूबचं कौतुक करत होतो? एकच गोष्ट मला कळते असं लोक म्हणायचे, ताई. एकच."

"मग नको सांगू."

"नाही सांगितलं तर तो माझ्यासमोर हरणार, आणि मला माहीत असणार."

"मग सांग."

"तू जरा गप्प बसशील का!"

मी घड्यांकडे वळले. या घरात कितीही बोललं तरी शेवटी आपल्याला हेच ऐकून घ्यायचं असतं.

वाचनालयात त्या दुपारी खुर्च्या पुरल्या नाहीत. आमच्या वयाची सगळी माणसं आलेली: न्हावी, शिंपीणबाई, पोस्टातून निवृत्त झालेले, सगळे. मास्तर पुढच्या रांगेत ताठ बसलेले. भावानं आत शिरताक्षणी त्यांची बाही पाहिली आणि माझ्या कानात म्हणाला, "अजून दोन घड्या."

ग्रंथपाल बाईंनी आधी गाणं लावलं. कंपनीचं, धुतलेलं, मोठ्या स्पीकरवर. लोक मान डोलवायच्या तयारीनं बसले होते. पण कुणाची मान हलेना. मग कुजबुज सुरू झाली.

"वीज कमी येतेय का?"

"अहो, जरा पळवा ते!"

"बाई, तुमचं यंत्र बिघडलंय," शिंपीणबाई उठून म्हणाल्या. "हे आमचं गाणं नाही."

ग्रंथपाल बाई घाबऱ्याघुबऱ्या वायरी हलवून बघू लागल्या. मास्तर मात्र खुशीत. मागे वळून सगळ्यांना सांगू लागले, "यंत्र ठीक आहे! हे असंच आहे! मी काय म्हणत होतो?" पण त्यांचं ऐकतो कोण? न्हावी तर म्हणाला, "मास्तर, तुम्ही बसा. इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला कळतं यातलं."

सगळ्यांनी माझ्या भावाकडे पाहिलं. नुसतं एवढंच म्हणायचं होतं की हो, यंत्र बिघडलंय. मग मास्तर एकटे आणि सगळं गाव याच्या बाजूनं. सून माझा हात घट्ट धरून बसली होती.

भाऊ उभा राहिला. खिशातून ते काळं कडं काढलं आणि वर धरलं.

"यंत्र ठीक आहे," तो म्हणाला. "माझं बिघडलं होतं. टेपचा पट्टा तुटला तेव्हा मी ही सायकलची ट्यूब घातली. ती जाड पडली. तुमच्या सगळ्यांच्या कॅसेटी माझ्याकडच्या, म्हणून सगळ्यांच्या पळतात. खरं गाणं हे आहे. आत्ता लागलं ते."

मला वाटलं, आता लोक हसतील, नाहीतर गलबलतील. पण लोक चिडले!

"काहीतरीच काय!" शिंपीणबाई म्हणाल्या. "म्हणजे आम्ही लग्नात चुकीचं नाचलो?"

"ट्यूबनं कुठं गाणं होतं का?"

"कंपनीवाल्यांनी घोळ केला आणि हा बिचारा स्वतःवर घेतोय. स्वभावच तसा आहे त्याचा."

"अहो, मी सांगतोय ना, मीच घातली!" भाऊ ओरडला. ते कडं यानं त्याला, त्यानं आणखी कुणाला दाखवलं, हातोहात फिरलं, आणि कोणीही मानलं नाही. जन्मभर हा खोटं होतं ते ठासून सांगत आला, सगळ्यांनी मान डोलावली. आज खरं सांगतोय, तर कोणी ऐकून घ्यायला तयार नाही. घामानं डबडबला बिचारा.

शेवटी तो मास्तरांकडे वळला. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे पाहिलं.

"तुझं खरं होतं," तो म्हणाला. "झोप येते. सदरा जाळला मी ते ऐकताना."

मला वाटलं होतं आता मास्तर छाती फुगवतील. पण ते काठी चाचपायला लागले. आजूबाजूला हा गोंधळ, शिंपीणबाई ग्रंथपाल बाईंशी भांडतायत, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं ते दोघं गप्प. मग मास्तर उठले, काठी घेतली आणि कोणाशी काही न बोलता निघून गेले. थोर की थोतांड ते तसंच फळ्यावर राहिलं. घरी येताना ते कडं कोणाकडे राहिलं तेही कळलं नाही.

भाऊ रस्त्यानं एवढंच म्हणाला, "बघितलंस? जिंकूनसुद्धा बोलला नाही माझ्याशी."

पुढचे काही दिवस दुकानात टेप लागला नाही. मला शांतता हवी होती ना, मिळाली. इस्त्रीचा आवाज आणि पाण्याचा शिंतोडा, बस. मला ती शांतता दोन दिवससुद्धा सोसली नाही.

आणि मग एका दुपारी दारात मास्तर. हातात सदऱ्यांचा गठ्ठा. आत आले, गठ्ठा टेबलावर टाकला, स्टूल ओढून बसले. भाऊ वर बघेना. सगळ्यात वरचा सदरा घेतला, बाही पसरली आणि त्या दोन घड्यांवर पाणी मारायला लागला.

"लाव ती," मास्तर म्हणाले.

"काय?"

"तुझी. ट्यूबची. मी ऐकलीच नाही कधी."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी कॅसेट घातली आणि बटण दाबलं. बाई सुटली, ड्रम सुटला, शिट्टी सुटली. मास्तर काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. भाऊ तीच एक बाही पुन्हा पुन्हा करत होता. मी म्हटलं, आता हीही जाळतो की काय! पण हात त्याच्या ठेक्यात होता, बाहीला काही झालं नाही. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. चारही झाली आणि बटण खट्कन वर आलं.

"काय?" भाऊ म्हणाला.

मास्तरांनी नीट विचार केला. शाळेत असताना मुलांच्या वह्यांवर शेरा मारायच्या आधी करत असतील तसा.

"बंडल आहे," ते म्हणाले. "आधी रडत होती. आता घाईघाईत रडते."

भावानं इस्त्री उभी केली. मी मास्तरांचा गठ्ठा चटकन माझ्याकडे ओढला.

"घाईघाईत?" तो म्हणाला. "अरे, तुला ऐकू येतं का? ते दुसरं गाणं ऐकलंस? ती शिट्टी ऐकलीस? ताई, पुन्हा लाव. नाही, थांब, आधी याला चहा दे, मग लाव. याला दुसरी बाजू ऐकव. रडते म्हणे!"

"दुसरी बाजू पहिलीपेक्षा वाईट असणार."

"आधी ऐक! ऐकून मग बोल! सहावीच्या पुढे गेलास ना तू?"

मास्तर एवढंच म्हणाले, "ते तेव्हा मी म्हणायला नको होतं." आणि चहा यायच्या आत पुन्हा म्हणाले, "पण बंडल आहे."

आतून भाचा ओरडला, "झोपू द्याल का कोणी!"

तेव्हापासून रोज तेच. फरक एवढाच की आता टेप चालू ठेवून भांडतात, त्यामुळे टेपच्या वर आवाज चढवावा लागतो. दोघांच्याही सदऱ्यांची बाही मात्र एका घडीची आहे. माझ्या कानांचं काय झालंय ते मला विचारू नका.